भूछत्राची जात कोण ठरवतं?

लंडनमधल्या एका दुकानात सुकवलेल्या पोर्चिनी मशरूमचं एक साधं पाकीट विकायला होतं. माल चीनमधून आलेला. क्यू गार्डन्समधल्या ब्रिन डेंटिंगर आणि लॉरा सुझ या कवकशास्त्रज्ञांनी त्यातले पंधरा तुकडे उचलले आणि त्यांचा डीएनए तपासला. तुकडे तीन वेगवेगळ्या जातींचे निघाले, आणि तिन्हींपैकी एकीलाही शास्त्रीय नाव नव्हतं. २०१४ मध्ये त्यांनी तिन्हींना नावं दिली. त्यातलं एक, ‘बोलिटस बायन्युगान’, युनान प्रांतातल्या लोकांच्या तोंडी असलेल्या नावावरून घेतलेलं. म्हणजे तिथली माणसं हे मशरूम ओळखत होती, खात होती, वाळवून परदेशी धाडत होती. युरोपातली गिऱ्हाइकं ते सूपमध्ये घालत होती. विज्ञानाच्या दप्तरी मात्र ते अस्तित्वातच नव्हतं.

मग २०१४ च्या आधी त्या तीन जाती होत्या की नव्हत्या? ‘होत्याच की, फक्त कळल्या नव्हत्या’ असं पटकन उत्तर दिलं, की माणूस नकळत नैयायिकांच्या बाजूला जाऊन बसतो. ‘तुकडे होते, त्यांचे तीन गट आपण पाडले’ असं म्हटलं, की तो बौद्धांच्या गोटात जातो. हा वाद भारतात कित्येक शतकं चालला आणि दोन्हीकडच्या पंडितांनी त्यात आयुष्यं घालवली.

न्याय-वैशेषिकांच्या मते जाती ही खरीखुरी वस्तू आहे. ती नित्य आहे, एकच आहे आणि अनेक व्यक्तींमध्ये राहते. जगातली शेवटची गाय मेली तरी गोत्व संपत नाही. ते फक्त दिसेनासं होतं. बौद्ध पंडित दिङ्नागाला हे मान्य नव्हतं. त्याच्या मते खरं असतं ते समोरचं एकेकटं, क्षणिक काहीतरी. ‘गाय’ म्हणताना आपण फक्त गाय नसलेलं सगळं बाजूला सारतो. त्याच्यामागून आलेल्या धर्मकीर्तीने आणखी एक अडचणीचा दाखला दिला. गुळवेलीसारख्या वेगवेगळ्या वनस्पती ताप उतरवतात. त्या सगळ्यांमध्ये ‘ज्वरनाशकत्व’ नावाची एक जाती भरून राहिली आहे असं कुणी मानत नाही. तरीही त्या एकच काम करतात. मग एकसारखं काम करणाऱ्यांना एका नावाखाली आणायला जाती हवीच कशाला?

या वादात उदाहरणं बहुधा गायीची आणि घटाची. दोन्ही गरीब. गाय गायीलाच जन्म देते, घट कुंभार घडवतो; पंडिताला फार त्रास होत नाही. भूछत्रं या वादात आली असती तर दोन्ही पक्षांना घाम फुटला असता.

आपल्या जुन्या ग्रंथांना भूछत्रं चांगली ठाऊक होती, आणि प्रत्येकाने ती आपापल्या गरजेनुसार विभागली. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कवकं लसूण-कांद्याच्या ओळीत बसवून द्विजांना वर्ज्य केली आहेत, निकष शुद्धाशुद्धतेचा. जैन परंपरेत ती अनंतकाय गणली जातात, एका शरीरात अनंत जीव असलेली, म्हणून ती खायची नाहीत, निकष हिंसेचा. सुश्रुतसंहितेने ती कशावर उगवतात ते पाहिलं: पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीत. चरकसंहितेने सर्पच्छत्रक तेवढं वगळलं आणि बाकीच्या जाती थंड, गोड, पचायला जड आणि सर्दी करणाऱ्या म्हणून नोंदवल्या. चार ग्रंथ, चार वाटण्या. यातली एकही वेडगळ नाही. पेंढ्यावरची अळंबी आणि शेणावरची अळंबी हा सुश्रुताचा भेद तर शेतावरच्या माणसाला आजही कळतो.

युरोपातही वेगळं नव्हतं. लिनियसने कवकं वनस्पतींतच कोंबली. स्वीडनच्या एलियस फ्रीसने १८२१ पासून ‘सिस्टेमा मायकॉलॉजिकम’चे खंड काढले आणि कल्ले असलेल्या छत्र्यांची विभागणी बीजाणूंच्या रंगावर केली. ही पद्धत इतकी सोयीची, की हौशी माणूस अजून तीच वापरतो. छत्रीचा दांडा कापायचा, टोपी कल्ल्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवायची, वर वाटी उपडी घालायची आणि रात्रभर सोडायची. सकाळी टोपी उचलली की कागदावर कल्ल्यांची रेघन् रेघ बारीक पुडीत उमटलेली दिसते. वारुळावरच्या अळंबीची पुडी फिकी गुलाबी. पावसाळ्यात बागेतल्या हिरवळीवर येणाऱ्या, दिसायला पांढऱ्याशुभ्र आणि भरदार ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस’ची पुडी मळकट हिरवी. ही दुसरी खाल्ली की उलट्या-जुलाबांनी माणूस हैराण होतो. ती कोवळी असताना कल्लेही पांढरेच असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवणारा हमखास फसतो.

१९९० नंतर डीएनए आला आणि फ्रीसची घडी विस्कटली. ‘कोप्रिनस’ या वंशात पिकल्यावर काळी शाई होऊन गळून जाणाऱ्या छत्र्या घातलेल्या होत्या. शाई होणं हे लक्षण इतकं ठळक, की त्यांच्या नात्याबद्दल फारशी शंका घेतली जात नसे. २००१ मध्ये हा वंश मोडला. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध जाती बाजारात मिळणाऱ्या बटण मशरूमची नातलग निघाली आणि बहुतेक बाकीच्या भलत्याच कुळात गेल्या. शाई होण्याची युक्ती वेगवेगळ्या घराण्यांना स्वतंत्रपणे सुचली होती. धर्मकीर्तीला हे ऐकून आनंद झाला असता: काम एक, जाती एक नाही.

विषाची गोष्ट याहून बोलकी आहे. ‘ॲमानिटा फॅलॉइडिस’ ही जगातल्या सर्वांत घातक छत्र्यांपैकी एक. तिच्यातलं ॲमाटॉक्सिन शिजवून जात नाही. खाल्ल्यावर साधारण सहा ते बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. हेच विष ‘गॅलेरिना’ आणि ‘लेपिओटा’ या दूरच्या वंशांतल्या काही जातींमध्येही आहे. उलट ॲमानिटाच्याच वंशातली ‘सीझेरिया’ रोमन काळापासून मेजवानीचं पक्वान्न मानली जाते. म्हणजे ‘विषारी’ हा गट ‘ॲमानिटा’ या गटाला आडवा छेदून जातो. काही ॲमानिटा विषारी, काही नाहीत. काही विषारी छत्र्या ॲमानिटा, काही नाहीत.

दहाव्या शतकातल्या उदयनाचार्याने नेमका हा पेच ओळखला होता. कोणता धर्म जाती ठरू शकत नाही याच्या सहा आडकाठ्या त्याने सांगितल्या. त्यातली एक संकर. दोन धर्म एकमेकांत अर्धवट मिसळत असतील, एक दुसऱ्याच्या पूर्ण पोटात बसत नसेल, तर ते जाती म्हणून चालत नाहीत. त्यांना उपाधी म्हणायचं, आपण सोयीने लावलेली. उदयनाच्या हिशेबाने ‘विषारी’ ही उपाधी झाली, आणि आजचं वर्गीकरणशास्त्रही तेच म्हणतं. वंशावळीतले गट एकाच्या पोटात एक असेच बसायला हवेत, आडवे छेद चालत नाहीत. उत्क्रांतीचा मागमूस नसताना एका तर्कपंडिताने ही अट घालावी, याचं कौतुक आपल्याकडे फारसं झालेलं नाही. उदयन बरोबर होता, पण त्याला जे कारण वाटत होतं त्यामुळे नव्हे.

कारण नित्यतेवर मात्र न्यायमत टिकत नाही. कवकांच्या जाती फुटतात, मिसळतात, नाहीशा होतात. परीकथांच्या चित्रांतली लाल टोपी आणि पांढऱ्या ठिपक्यांची ‘ॲमानिटा मस्कारिया’ ही एक जाती समजली जायची. जनुकीय तपासात तिच्यात एकमेकांपासून तुटलेल्या अनेक जाती सापडल्या. याच छत्रीला गॉर्डन वॉसनने १९६८ मध्ये ऋग्वेदातला सोम ठरवलं होतं. तीन वर्षांत जॉन ब्रफने त्यावर संस्कृतपंडिताच्या बाजूने कडक हरकती घेतल्या आणि तो दावा आजवर मान्य झालेला नाही. समोर नमुना नसताना ऋचांवरून जाती ओळखायची, हा प्रकारच मुळात धाडसाचा.

जातीचं जाऊ द्या, व्यक्ती तरी धडपणे सापडते का? न्यायवाले आणि बौद्ध दोघेही व्यक्ती समोर आहे असं धरून चालतात. अमेरिकेत ऑरेगनच्या मॅल्युर जंगलात ‘आर्मिलेरिया’ या कवकाचं एकच शरीर सुमारे ९६५ हेक्टरांवर जमिनीखाली पसरलेलं आहे. वयाचे अंदाज १,९०० वर्षांपासून ८,६५० वर्षांपर्यंत जातात. पावसाळी दिवसांत वर येणाऱ्या शेकडो छत्र्या ही त्याची फळं. जैनांनी एका शरीरात अनंत जीव पाहिले. इथे शेकडो शरीरं दिसतात आणि जीव एक. पुन्हा जमिनीखालच्या तंतूंत डोकावलं तर बहुतेक छत्रीवाल्या कवकांच्या पेशीत आई-बापांची दोन केंद्रकं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. ती मिसळतात ती अखेर कल्ल्यांवर, बीजाणू तयार होताना. अशा जिवाला एक म्हणायचं की दोन?

‘दुर्मीळ’ हा शब्दही इथे डळमळतो. सिसिलीतल्या डोंगरावरचा ‘प्ल्युरोटस नेब्रोडेन्सिस’ २००६ पासून अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. लोक तो पूर्ण वाढायच्या आधीच खुडून नेतात. ‘कोरिओॲक्टिस गीॲस्टर’ टेक्सासमध्ये सापडतो आणि तिथून थेट जपानमध्ये, मध्ये कुठेच नाही. पण छत्री दिसली नाही म्हणजे कवक नाही, असं म्हणता येत नाही. ते मातीत किंवा लाकडात दशकभर मुकाट राहू शकतं. दिसेनासं झालेलं गोत्व कुठेतरी आहे असं मानणाऱ्या नैयायिकाला निदान या बाबतीत हसू नये.

छत्री नसतानाही जमिनीखाली असणाऱ्या कवकाचं आपल्या मातीतलं उदाहरण वारुळावरची अळंबी. विदर्भात तिला सात्या म्हणतात, गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात म्हणून ती रोयणीची अळमी. शास्त्रीय वंश ‘टर्मिटोमायसिस’. फ्रान्सच्या रॉजे हाइमने १९४२ मध्ये तो स्थापला. वाळवी पालापाचोळा खाऊन वारुळात विष्ठेची जाळीदार पोळी रचते, त्यावर हे कवक वाढतं, लाकडातलं न पचणारं ते पचवतं, आणि वाळवी त्याच्यावर जगते. हा संसार निदान तीन कोटी वर्षांचा. पावसात छत्री वर येते तेव्हा तिचा दांडा मुळासारखा खोल त्या पोळीपर्यंत गेलेला असतो आणि टोपीच्या मध्यभागी माती फोडायला कडक टोक असतं. हळूच उकरलं तर हे सगळं अखंड हाती येतं. खसकन ओढलं तर दांडा तुटतो आणि ओळखीची अर्धी खूण जमिनीत राहते.

त्याच वारुळाला गोव्यात आणि तळकोकणात सातेरी म्हणून पुजतात. मूर्तीच्या जागी वारूळ असलेली देवळं आहेत. वाळवी, कवक आणि माती मिळून एक, अशी ही देवता. टर्मिटोमायसिसची व्यक्ती शोधायला निघालेला जीवशास्त्रज्ञही अखेर वारुळाशीच येऊन थांबतो, कारण एकाला काढून दुसऱ्याचं नीट वर्णनच करता येत नाही. पुजणाऱ्यांनी कवकशास्त्र आधीच ओळखलं होतं असला दावा करण्यात अर्थ नाही. पण एकक म्हणून वारूळ निवडणं ही चांगली निवड होती. आज बाजारात भाव चढा म्हणून वारुळंच खणली जातात, तेव्हा ही निवड विसरली गेली आहे एवढं खरं.

मग निकाल काय? ‘सगळी नावंच’ हे पटत नाही. ॲमाटॉक्सिन असलेली छत्री आपण कुठल्याही गटात टाकली तरी यकृताचं व्हायचं ते होतंच. ‘जाती नित्य’ हेही पटत नाही. जाती खरी असते ती नदी खरी असते तशी: उगम असलेली, फाटे फुटणारी, कधी आटणारी. नाव हा मात्र निव्वळ आपला व्यवहार, आणि तो कवकशास्त्रात फार काळ गमतीदार चालला. एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना दोन वेगळी अधिकृत नावं देण्याची मुभा नियमांतच होती. २०११ मध्ये मेलबर्नला ती रद्द झाली आणि २०१३ पासून एका कवकाला एकच नाव, असं ठरलं.

आणि ते नाव कशाला बांधलेलं असतं? कुठल्या नित्य जातीला नव्हे, एखाद्या व्याख्येलाही नव्हे. संग्रहालयातल्या एका वाळवलेल्या नमुन्याला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या आजरेकर कवक-संग्रहात असे नमुने जपलेले आहेत. २०१७ च्या एका अंदाजाप्रमाणे जगात कवकांच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात. तेव्हा नाव मिळालेल्या सुमारे सव्वा लाख. म्हणून पावसात अनोळखी छत्री दिसली तर ती चाखू नये. चांदीचा चमचा काळा पडतो का, किडीने कुरतडली आहे का, या कसोट्यांवर मुळीच जाऊ नये. कल्ल्यांचा आणि बुडाचा फोटो काढावा, कुठल्या झाडाखाली, कुठल्या मातीत, कुठल्या तारखेला सापडली ते लिहावं, बुडासकट उकरून कागदात गुंडाळावी आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेऊन द्यावी. घरात कुणी आधीच खाल्ली असेल आणि त्रास सुरू झाला असेल, तर उरलेला कच्चा तुकडा टाकून न देता रुग्णासोबत दवाखान्यात न्यावा.