निखाऱ्यांवरील मासा

शास्त्रभाग : योहान 21:1-17 व अनुवाद 22:6-7



आपला धाराशिव जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे. आमच्या खेड्यांतील कित्येक वृद्ध माणसांनी समुद्र कधीच पाहिला नाही. शुभवर्तमानात तारू, जाळे व वादळ यांच्या गोष्टी निघाल्या म्हणजे त्या परमुलखाच्या आहेत असे त्यांस वाटते. तथापि मासा आपणांस अगदी अनोळखी नाही. तेरणा आपल्या गावांवरून वाहत जाऊन मांजरेस मिळते, सीना भीमेकडे जाते, बोरी नळदुर्गच्या किल्ल्यातील जुन्या बंधाऱ्यावरून खाली उडी घेते. माकणीजवळचे निम्न तेरणा धरण आणि परांडा तालुक्यातील सीना-कोळेगाव धरण ही तर आमची समुद्रेच होत. ह्या पाण्यांवर पुष्कळ कुटुंबांची भाकरी चालते. म्हणून आज मासे धरण्याच्या एका फार जुन्या रीतीपासून, म्हणजे भाल्याने मासा मारण्यापासून आरंभ करून आपण प्रभूने पेटविलेल्या निखाऱ्यांपाशी येऊ या.

ही रीत पवित्र शास्त्रासही ठाऊक आहे. ईयोबाच्या 41 व्या अध्यायात परमेश्वर ईयोबास लिव्याथानाविषयी प्रश्न करितो, तेथे मासे मारण्याच्या भाल्याचा उल्लेख आहे. जाळे टाकणारा मनुष्य आंधळेपणाने टाकतो; लहान, मोठे, चांगले, वाईट सर्व त्यात येते व मग तो काठावर बसून निवड करितो. भालेकऱ्याचे तसे नाही. तो एकच मासा पाहतो, त्यालाच निवडतो आणि त्यालाच मारतो. म्हणून त्याच्या हातून जे घडते त्याचा जबाबही त्यालाच द्यावा लागतो. जाळ्यात आपोआप आला असे तो म्हणू शकत नाही.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आजोळी गेलो होतो. पहिला पाऊस होऊन गेला होता. माझ्या मामांजवळ लांब बांबूच्या टोकास बसविलेला, उलट्या दातांचा लोखंडी भाला होता. पहाटे ते मला तळ्यावर घेऊन गेले. काठच्या शेवाळाजवळ पाण्यावर तांबूस रंगाचा एक पुंजका हालताना दिसला. मी विचारले, "मामा, ते काय?" ते हळूच म्हणाले, "ती मरळीची पिले. आता गप बस. खाली बाप असेल."

मरळ हा मासा इतर माशांहून निराळा आहे. त्यास वरचेवर पृष्ठभागी येऊन हवा घ्यावी लागते. म्हणूनच तो तळे आटले तरी ओल्या चिखलात तग धरून राहतो, आणि बाजारात हंड्यात जिवंत विकावयास येतो. तो आपल्या पिलांस सोडून जात नाही. अंडी फुटल्यावर पिलांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, आणि मायबाप, विशेषेकरून नर, कित्येक दिवस त्याच्याखाली पहारा करीत असतो. दुसरा मासा जवळ आला तर तो त्यावर धावून जातो. मनुष्याची सावली पडली तरी तो दूर पळत नाही. भालेकऱ्यास हे पक्के ठाऊक असते. पिले दिसली की बाप सापडला. त्याची प्रीती हीच त्याच्या मरणाची खूण होते.

मामांनी भाला माझ्या हाती दिला. मी दिसले तेथे मारले आणि चुकलो. मासा क्षणभर खाली गेला आणि पुनः पिलांपाशी आला. दुसऱ्या खेपेस मामांनी माझा हात धरून भाला खाली वळविला, आणि तो लागला. घरी मोठा आनंद झाला. आजीने माशास राख चोळून त्याचा बुळबुळीतपणा काढला, तुकडे करून हळद-मीठ लाविले, कांदा, लसूण व सुके खोबरे चुलीत भाजून पाट्यावर वाटले, चिंचेचा कोळ घातला आणि काळ्या तिखटाचा लाल रस्सा केला. मरळीस काटे थोडे, म्हणून लेकरांस ती आवडते. ज्वारीच्या भाकरीबरोबर मी पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी मी एकटाच तळ्यावर गेलो. तांबडा पुंजका विखुरला होता. मोठे मासे खालून येऊन पिले गिळीत होते. थोड्या वेळाने पाणी रिकामे झाले. मी कोणास काही बोललो नाही. परंतु त्या रात्री मला जेवण गेले नाही.

बंधूंनो, मासे खाणे हे पाप आहे असे मी सांगत नाही. आपल्या प्रभूने स्वतः मासा खाल्ला व लोकांस खाऊ घातला. परंतु मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेवर पाखराचे घरटे सापडले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर तिला पिलांसह धरू नये. तिला जाऊ द्यावे, म्हणजे तुझे कल्याण होईल व तू चिरकाळ जगशील. एवढ्या मोठ्या देवाने एवढ्या लहान घरट्याकडे पाहावे! जो पिलांसाठी जागचा हालत नाही, त्याच्या त्या प्रीतीचाच फायदा घेऊन त्यास मारू नये, हा त्या आज्ञेचा भाव मला दिसतो. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे 1897 च्या कायद्यानेच गुन्हा ठरविले आहे. परंतु पिलांवरच्या बापास मारू नये हे शिकण्यास सरकारी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आपणांजवळ त्याहून पुष्कळ जुना कायदा आहे.

आता त्या भाल्यापासून तीन गोष्टी शिकू या.

पहिली गोष्ट ही की, डोळ्यास दिसते तेथे मासा नसतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचा किरण वाकतो. म्हणून सरळ वरून पाहिले असता चार हात खोल असलेली वस्तू तीन हातांवर आहे असे दिसते, आणि तिरपे पाहिले असता ती त्याहूनही उथळ भासते. यास्तव जाणता भालेकरी दिसते त्याच्या खाली नेम धरितो. मी मुलगा होतो तेव्हा मासा कोठे आहे ह्याविषयी चुकलो. पण तो कोण आहे ह्याविषयी त्याहून अधिक चुकलो. मला शिकार दिसली, बाप दिसला नाही. आपणही शेजाऱ्याकडे असेच पाहतो. अमका उपासनेस येत नाही, तमक्याची वर्गणी थकली, तमकीचे लेकरू शाळेत जात नाही, एवढे आपणांस वरवर दिसते आणि आपण शब्दाचा भाला फेकून मोकळे होतो. त्याच्या घरी खोल काय आहे हे पाहण्यास वाकावे लागते.

दुसरी गोष्ट समुद्रातील आहे. खडकाळ किनाऱ्यावर काही माणसे श्वास रोखून बुडी मारतात आणि पाण्याखाली माशामागे भाला घेऊन जातात. त्यात एक भयंकर धोका आहे. बुडीपूर्वी घाईघाईने पुष्कळ खोल श्वास घेतले म्हणजे शरीरातील कर्बवायू कमी होतो. आता श्वास घ्यावा अशी जी तळमळ आपणांस होते, ती मुख्यतः हा वायू वाढल्यामुळे होते. तो कमी केला म्हणजे तळमळ उशिरा होते. मनुष्यास वाटते की, मला अजून पुष्कळ वेळ आहे. आणि तेवढ्यात प्राणवायू संपून तो काहीही सूचना न मिळता बेशुद्ध पडतो. कित्येक चांगले पोहणारे असेच मेले आहेत. त्या तळमळीचा आपणांस त्रास वाटतो, पण तीच आपली राखणदार होय. सदसद्विवेकबुद्धीची टोचणीही तशीच आहे. ज्या रात्री मला जेवण गेले नाही ती रात्र देवाची कृपा होती. जो मनुष्य ती टोचणी दाबण्याची युक्ती शिकला, त्यास आपण सुखी झालो असे वाटते. परंतु तो खोल पाण्यात आहे.

पेत्रास ती टोचणी झाली होती. योहानाच्या 18 व्या अध्यायात महायाजकाच्या अंगणात थंडीमुळे कोळशाचा विस्तव पेटविला होता. तेथे शेकत असता त्याने आपल्या प्रभूस तीन वेळा नाकारिले. मग तो पुनः आपल्या जुन्या धंद्याकडे, तिबिर्याच्या समुद्रावर गेला. रात्रभर जाळे टाकले, काही मिळाले नाही. पहाटे काठावरून कोणी हाक मारली, उजवीकडे जाळे टाकण्यास सांगितले, आणि 153 मोठे मासे आले. परंतु काठावर आल्यावर त्याने काय पाहिले? कोळशाचा विस्तव! मूळ ग्रीक भाषेत ह्या दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तो ह्या दोनच जागी येतो. ज्या निखाऱ्यांपाशी पेत्र पडला, तसल्याच निखाऱ्यांपाशी प्रभूने त्यास न्याहारीस बसविले. त्यावर मासा अगोदरच ठेविलेला होता, भाकरही होती. तरी प्रभूने त्यांच्याही माशांतून काही मागून घेतले. त्याला उणे नव्हते. पण पडलेल्या मनुष्याच्या हातचे घेऊन त्याने त्यास पंक्तीत घेतले.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. मोलकरी लांडग्यास पाहून पळतो, मेंढपाळ पळत नाही. ज्याने हाक मारून शिष्यांस भोजनास बोलाविले, तो स्वतः आपल्या पिलांवर पहारा करीत असता धरला गेला. त्याला निसटून जाता आले नसते काय? बागेत त्याने शिपायांस तो मीच आहे असे सांगितले आणि आपल्या माणसांस जाऊ देण्यास सांगितले. त्याच्या प्रीतीनेच त्याचा ठिकाणा दाखविला, आणि शेवटी त्याच्या कुशीत भाला शिरला. मरळीची पिले बापावाचून नाश पावली. परंतु आमचा राखणदार मेला, तो उठला, आणि पहाटे काठावर येऊन आपल्या हातांनी स्वयंपाक करीत बसला. प्रियजनहो, ह्याच साठी आपण रविवार पाळतो.

न्याहारी झाल्यावर प्रभूने पेत्रास तीन वेळा प्रीतीविषयी विचारले आणि पहिले काम सांगितले ते हे की, त्याच्या कोकरांस चारावे. अगोदर पेत्राचे पोट भरले, मग कोकरांचे काम दिले.

आता आपल्या मंडळ्यांविषयी दोन शब्द बोलतो. दसरा-दिवाळी झाली म्हणजे आपल्या भागातील पुष्कळ जोडपी मुकादमाची उचल घेऊन कोयत्यास जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. काही लेकरे बरोबर जातात व शाळेस मुकतात. काही म्हाताऱ्या आजीजवळ राहतात. मायबाप त्यांस टाकून जात नाहीत, त्यांच्याच भाकरीसाठी जातात. तरी तो पहारा तितके महिने उठलेला असतो. मग गावचे मोठे मासे जवळ येतात : दारूचा गुत्ता, पत्त्यांचा अड्डा, बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी स्थळ घेऊन येणारा शहाणा पाहुणा. गेल्या हंगामात एका गावी मी अशा घरी गेलो. आजीस दिसत नव्हते. चूल थंड होती. नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावास पाण्यात भाकरी कुसकरून भरवीत होती. घर मंडळीच्या प्रार्थनास्थानापासून शंभर पावलांवर होते, आणि त्याच सकाळी आम्ही तेथे मोठ्याने स्तोत्रे गाइली होती. मी पाळक आहे, आणि त्या घरी मी त्या हंगामात पहिल्यानेच जात होतो. हा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकू शकत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक मंडळीने कोण जाणार व कोणाची लेकरे मागे राहणार ह्याची यादी करावी. प्रत्येक लेकरासाठी एक घर नेमावे. त्या घरच्या मावशीने किंवा काकांनी रोज संध्याकाळी त्याला पाहावे, आठवड्यातून निदान दोनदा आपल्या चुलीपाशी जेवू घालावे, आणि ते शाळेत जाते की नाही हे विचारावे. ह्यास मोठा निधी लागत नाही. जे आपल्या टोपलीत आहे त्यातून थोडे आणावे. विस्तव प्रभूने पेटविला आहे.

हे प्रभो येशू, तू आम्हांस सोडून पळाला नाहीस. आमच्या हातातील भाला काढून घे आणि आम्हांस तुझ्या निखाऱ्यांपाशी बसीव. आमच्या गावची जी लेकरे आज एकटी आहेत, त्यांवर आम्हांस पहारेकरी नेम. आमेन.