कर्ता आणि करण

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या प्रत्येक कर्माची पाच कारणे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितली आहेत, आणि त्यांत कर्ता हा पाचांतील केवळ एक आहे. साधने, ज्यांना तेथे ‘करण’ म्हटले आहे, ती त्याच्याहून वेगळी मोजली आहेत आणि दैव अखेरीस आले आहे. न्यूझीलंडचा मोटार-शर्यतींचा चालक ब्रूस मॅकलॅरन याचे चरित्र वाचताना या विभागणीचा मी पुन्हापुन्हा विचार करतो.

बालपणी खुब्याच्या विकाराने दीर्घकाळ जखडून पडलेला हा मुलगा 1959 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, अमेरिकेतील सेब्रिंगची ग्रां प्री जिंकला. परंतु ती गाडी कूपर कारखान्याची होती. यंत्राचा दोष चालकाला प्रथम कळतो, पाठीच्या कण्यातून आणि तळव्यांतून कळतो, आणि तरीही तो दूर करण्याचा अखत्यार दुसऱ्याच्या हाती असावा, ही जाणणारा आणि करणारा यांच्यातील फारकत त्याला सोसवली नसावी, असे मला वाटते. 1963 साली त्याने स्वतःची शर्यत-संस्था काढली. 1968 मध्ये स्पा येथे तो स्वतःच्या नावाच्या गाडीत जिंकला. करण कर्त्याच्या स्वाधीन झाले म्हणावे, तर इंजिन दुसऱ्याचे होते आणि आरेखनात सहकाऱ्यांचा हात होता.

त्याची खरी ओढ मात्र एम6जीटी या बंदिस्त गाडीकडे होती. शर्यतीसाठी तिला लागणारी मंजुरी मिळेना, तेव्हा तीच रस्त्यावर आणण्याची तजवीज त्याने केली, आणि पहिला नमुना तो स्वतः इंग्लंडच्या रस्त्यांवर चालवीत असे. 2 जून 1970 रोजी गुडवुड येथे एम8डी या दुसऱ्याच गाडीची चाचणी घेताना तिचे मागचे बाह्यावरण भर वेगात उडाले आणि बत्तिसाव्या वर्षी तो गेला.

याला दैव म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. बाह्यावरण सुटणे हा साधनाचाच दोष होय. आणि तो दोष इतरांच्या वाट्यास येण्यापूर्वी स्वतःच्या देहावर पारखण्यासाठी निर्माता त्या आसनावर बसला होता, यातच मला त्याच्या कर्तृत्वाचे धर्म्य स्वरूप दिसते. बारा दिवसांनी त्याच्या पथकाने कॅनडातील मॉसपोर्टची शर्यत जिंकली, कारण ते कर्म अनेकांचे झाले होते. रस्त्यावरच्या गाडीची योजना तेवढी बारगळली, कारण तिची इच्छा अद्याप मुख्यतः त्याची एकट्याची होती.