ज्याचं झाड, त्याचंच फळ?

कुणाला असाध्य आजार जडला, कुणाचं मूल दगावलं, की 'कर्माची फळं' हे शब्द आपल्या तोंडून सहज निघून जातात. पेरावं तसं उगवतं, ही त्यामागची समजूत. पण कर्मविचाराने ज्या फळझाडाचा दाखला घेतला, ते झाड असा हिशेब मांडतच नाही. कोकणातला हापूसच घ्या. त्याची कोय रुजवली तर हापूसच लागेल याची खात्री नसते, म्हणून तर कलम बांधावं लागतं. मोहोराच्या एकेका तुऱ्यावर शेकडो फुलं येतात आणि बहुतेक गळून जातात. ऐन मोहोरात मळभ धरलं की तुडतुडा आणि भुरी येते, वाटाण्याएवढी कैरी गळून पडते. एवढं सगळं निभावूनही वरून निर्दोष दिसणारा आंबा कापला की आत साका निघतो. बागायतदाराने खतात, फवारणीत काडीची कसूर केलेली नसते, आणि त्याला कुणी पापीही ठरवत नाही.

गीताही हेच सांगते. अठराव्या अध्यायाच्या 14व्या श्लोकात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना व्यापार आणि दैव. कर्ता हा पाचांतला एक. तरीही जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला लगेच पुढे दुर्मती म्हटलं आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनीही 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त, दुसऱ्या अध्यायातल्या 47व्या श्लोकावर लिहिताना, ज्याचं झाड त्याचं फळ ही शंका मुद्दाम उभी करून खोडली आहे.

मग जबाबदारी कुणाचीच नाही का? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने पुरलेला आंबा वेगळा, मी नेलेले वेगळे. तरी तो दोषीच, कारण हे आंबे त्यातूनच आले. म्हणजे धागा तुटत नाही. मात्र तिथे चोरी आधी माहीत आहे. आपण उलट चालतो: झाड रितं दिसलं की न पाहिलेला गुन्हा शोधतो. पूर्वजन्मीचं म्हटलं की दुःखाला अर्थ मिळतो, असंही म्हणतात. ज्याचं दुःख त्याने स्वतः म्हटलं तर तो धीर असेल. दुसऱ्याने म्हटलं की तो निवाडा होतो, आणि तोही पुराव्याशिवाय. आजाऱ्याच्या उशाशी बसून 'भोग आहेत' म्हणणाऱ्याने आधी अठराव्या अध्यायातली ती पाच कारणं वाचावीत.