सावलीची कड

कॅमेरा बॅगेतच राहू द्या. ट्रिगर, मीटर, लेन्स, कशालाही सध्या हात लावायचा नाही. वर्गातल्या एखाद्या मित्राला स्टुलावर बसवा, मोबाइल बाजूला ठेवायला सांगा. स्टुडिओतले बाकीचे दिवे मालवा आणि एकच स्ट्रोब ठेवा, सॉफ्टबॉक्स न चढवता. फ्लॅश उडवायचा नाही. आतला मॉडेलिंग लॅम्प तेवढा चालू.

आता बघा. मित्राकडे नव्हे, त्याच्या नाकाच्या सावलीकडे.

ती कुठून निघते, कुठे टेकते? ओठापर्यंत येते की गालावरच थांबते? तिची कड ठसठशीत आहे की विरत जाते? सुरुवातीला ओळखीचा चेहराच मध्ये येतो: हा अमुक, याच्याकडे आपले पैसे राहिलेत. ती ओळख मागे सरायला वेळ लागतो. लागू द्या. श्वास संथ होऊ द्या. मग गालाचं हाड दिसेल, भुवईखालचा खळगा, जबड्याखाली साचलेला काळोख.

स्टँड उचला आणि दिवा समोर आणा, डोळ्यांच्या बराच वर. नाकाखाली बारीकशी सावली पडेल. तिला बटरफ्लाय म्हणतात. परीक्षेपुरतं ते लक्षात ठेवा. इथून पाऊलभर बाजूला सरका, मग आणखी पाऊलभर. प्रत्येक पावलाला थांबा. सावली नाकाखालून निसटते, गालाकडे तिरपी होते, लांबते. ४५ अंशांच्या आसपास ती गालावरच्या सावलीला जाऊन मिळते आणि डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. हीच ती रेम्ब्रांट लायटिंग. मित्रानं मान बोटभर वळवली तरी त्रिकोण मोडतो. मोडू द्या. कसा मोडला, तेवढं बघा.

या त्रिकोणाचं विद्यार्थ्यांना फार वेड. तो जमला की काम फत्ते! पण खुद्द रेम्ब्रांटनं १६२८च्या सुमारास, ऐन बाविशीत, रंगवलेलं स्वतःचं एक चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात उजेड एका गालावरून आणि मानेवरून निसटता जातो. दोन्ही डोळे अंधारातच. ओल्या रंगात ब्रशच्या दांड्यानं खरवडून काढलेल्या केसांच्या बटा चटकन दिसतात, नजर मात्र शोधावी लागते. म्हणून तर त्या चित्रापुढून पाय हलत नाही. आजच्या वर्गात कुणी असा फोटो दाखवला तर ‘फिल कमी पडला’ असा शेरा मिळायचा.

तुमचंही मन फिलकडे धावेल. दुसरा दिवा कोपऱ्यात उभा आहे, लावला तर काय बिघडलं? हा मोह थोडा वेळ नुसता न्याहाळा. सावली दिसली की ती घालवावी, असं का वाटतं? पासपोर्ट फोटोत ते रास्त आहे. तिथे माणूस ओळखू यायला हवा, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखा उजेड. गावोगावच्या फोटो स्टुडिओंनी ते काम चोख केलं, त्याला हसण्यात अर्थ नाही. पण इथे कुणाची ओळख पटवायची नसेल, तर सावली कुणाच्या आड येते?

थर्माकोलची पांढरी शीट घ्या, अंधाऱ्या गालाजवळ धरा, सावकाश पुढे-मागे करा. गाल काळोखातून वर येतो, पुन्हा बुडतो. आता तिथेच काळा पुठ्ठा धरा. भिंतीवरून परतणारा उजेडही अडतो आणि सावली आणखी दाट होते. या दोन टोकांमध्ये हात कुठे थांबवायचा, हे मीटर सांगणार नाही. या चेहऱ्यापुरतं तुम्हीच ठरवायचं.

मग अंतर. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर ठेवा आणि मागची पांढरी भिंत चेहऱ्यापासून २ मीटरवर. भिंत दिव्यापासून ३ मीटर लांब पडली, म्हणजे चेहऱ्याच्या नवव्या हिश्शाइतकाच उजेड तिच्या वाट्याला. दिवा ४ मीटरवर न्या; आता भिंतीला चेहऱ्याच्या जवळजवळ निम्मा उजेड मिळतो. वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम वहीत उतरवलेला असतोच. पण भिंतीला रंगाचं बोटही न लावता ती गडद आणि फिकी होताना एकदा डोळ्यांनी बघावी.

शेवटी सॉफ्टबॉक्स चढवा. अगदी जवळ आणलात की सावलीची कड विरघळते. मागे नेलात की तोच सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या हिशेबी लहान होतो आणि कड परत उमटते. सूर्य अवाढव्य, पण इतका लांब की वैशाखातली सावली रेखीव पडते. आषाढात ढग भरून आले की अख्खं आभाळच दिवा होतं, आणि नाकाखाली शोधून सावली सापडत नाही.

इतका वेळ मित्र बसून आहे. त्याची पाठ अवघडली असेल. आता जागा बदला. तुम्ही स्टुलावर, दिवा त्याच्याकडे. गालाला लॅम्पची ऊब लागते. डोळे दिपतात, दिव्यामागचा माणूस दिसतच नाही. हात मांडीवर ठेवावेत की घडी घालावी, कळत नाही. काळोखातून फक्त आवाज येतो: हनुवटी खाली, आता जरा डावीकडे. कुणाच्या डावीकडे, ते तो सांगत नाही.