मर्यादवेल

गुहागरला पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंना मी ओटीवर पिशवी टेकवता टेकवताच विचारलं, "समुद्र कुठून दिसतो?" काकू म्हणाल्या, "घरातून नाही हो दिसत. ऐकू येतो. मागीलदारी जा, वाडी संपेपर्यंत चालत राहा. पुढे सुरूचं बन लागेल, त्याच्या पलीकडे आहे."

मी जरा हिरमुसलो. आठ तासांचा प्रवास करून आलो होतो. खिडकी उघडली की पाणी दिसावं एवढीच इच्छा होती. दुसऱ्या दिवशी गावातून चालताना लक्षात आलं की हे एका घराचं नाही, गावाचंच आहे. गुहागर लांबट आहे, किनाऱ्याला समांतर पसरलेलं. वरचा पाट, खालचा पाट या वस्त्या, मधून जाणारा रस्ता आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेली घरं. समुद्राच्या बाजूच्या जुन्या घरांची पाठ समुद्राकडे. घरामागे विहीर, विहिरीमागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला चिऱ्यांचा गडगा, त्याच्यापुढे सुरू, आणि मग ती सुमारे सहा किलोमीटरची पुळण. इतका देखणा किनारा दाराशी असताना माणसांनी त्याच्याकडे पाठ का करावी? सौंदर्याची ओढ नसावी, पोटापाण्यापुढे सुचत नसावं, अशी काहीतरी समजूत करून घेऊन मी परत आलो. ती समजूत किती चुकीची होती हे कळायला मला त्याच किनाऱ्यावर पाच-सहा वेळा जावं लागलं.

आधी पाण्याचं सांगतो, कारण माझे डोळे तिथे उघडले. गुहागर, दिवेआगर या नावांतला 'आगर' म्हणजे नारळी-पोफळीची बाग. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, निव्वळ वाळूत, गोड्या पाण्याशिवाय न जगणारी पोफळ उभी राहते. हे कसं? पावसाळ्यात पडलेलं पाणी वाळूत झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते वजनाला हलकं असतं. या थराचा हिशोब मोठा नाजूक आहे. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीच्या खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी तोललेलं असतं. वरचा एक फूट उपसून टाकला की खालून खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढू लागतं. म्हणजे विहीर आटत नाही, ती मचूळ होते. जुन्या विहिरींवर रहाट होते. पायाने किंवा बैलाने फिरवायचे, एकेक लोटा भरून वर यायचा, पन्हळीत ओतला जायचा आणि पाटाने झाडांच्या आळ्यांत जायचा. रहाटाला वेग नव्हता, आणि त्याचं मोठेपण त्यातच होतं. माणूस दमायचा तेवढ्यात विहीर भरून यायची. पंपाला दम लागत नाही. काकूंच्या शेजारच्या वाडीत खोल्या वाढल्या, खोलीगणिक न्हाणीघर आलं, आणि तीन उन्हाळ्यांत तिथल्या विहिरीच्या पाण्याने डाळ शिजेनाशी झाली. त्या घरातली माणसं आता काकूंच्या विहिरीवर प्यायचं पाणी भरतात. काकू कधी नाही म्हणत नाहीत. फक्त एकदा मला म्हणाल्या, "पाणी सगळ्यांचं खालून एकच असतं ना."

म्हणजे घर आणि समुद्र यांच्यामधली ती रिकामी वाटणारी रुंदी रिकामी नव्हती. गावाच्या पिण्याचं पाणी तिथेच साठवलेलं होतं.

संस्कृतात 'वेला' या शब्दाचे अर्थ पाहिले की मला नेहमी भरून येतं. वेला म्हणजे किनारा, वेला म्हणजे मर्यादा, वेला म्हणजे भरती, आणि वेला म्हणजे काळ. आपली रोजची 'वेळ' त्याच शब्दातून आलेली. किनारा ही जागा आहे आणि वेळही आहे, हे ज्यांनी एका शब्दात बांधलं त्यांनी पाण्याच्या काठी पुष्कळ दिवस काढले असले पाहिजेत. किनारपट्टीवर आजही जुनी माणसं भरतीची वेळ बोटांवर काढतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे. हिशोब ढोबळ आहे, पण होडी लोटायला आणि शिंपल्या काढायला जायला पुरतो. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी ज्या वाळूवर चढतं तिथे भांगाच्या दिवसांत मुलं क्रिकेट खेळतात. मग समुद्राची हद्द कुठली म्हणायची? सकाळची, संध्याकाळची, पुनवेची की आषाढातली?

आषाढात तर पुळणच जागेवर नसते. जूनमध्ये उंच लाटा येऊ लागल्या की त्या किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. त्या बांधावर पुढच्या लाटा फुटतात आणि काठावर येईपर्यंत त्यांचा जोर कमी होतो. किनारा आपलंच अंग पुढे करून स्वतःला वाचवतो. पाऊस सरला, समुद्र निवला, की लहान लाटा तीच वाळू पुन्हा आणून काठावर ठेवतात. मी एकदा ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा सुरूच्या बनाखाली छातीएवढी कड तुटलेली होती, मुळं उघडी पडली होती. मला वाटलं किनारा गेला. काकू म्हणाल्या, "दिवाळीला या." दिवाळीला गेलो तर त्या कडेवरून घसरगुंडीसारखी उतरती वाळू आलेली होती.

ही देवघेव चालायला जागा लागते. ती जागा आपण भिंत घालून अडवली की काय होतं हे रत्नागिरीत मिऱ्याला जाऊन पाहावं. तिथल्या एका काठाला लोक 'पांढरा समुद्र' म्हणतात, वाळूच्या रंगावरून. किनारा खचू लागला म्हणून तिथे बंधारा घातला, तो लाटांनी फोडला, पुन्हा घातला. लाट उतरत्या वाळूवर आली तर पसरते, मुरते, दमते. उभ्या भिंतीवर आदळली तर त्याच जोराने परत फिरते आणि जाताना भिंतीच्या पायाखालची वाळू घेऊन जाते. मग भिंत आणखी जाड करावी लागते. ज्यांची घरं त्या भिंतीमागे आहेत त्यांना बोल लावायचा मला अधिकार नाही. रात्री पाणी दाराशी आल्यावर माणूस दगड मागणारच. पण पुळण वाचवायला घातलेल्या भिंतीपुढे पुळण उरत नाही, हेही खरंच.

पुळणीची खरी राखण करणारी झाडंझुडपं वेगळीच असतात. भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथे वाळू कोरडी होऊ लागते, तिथे एक वेल पसरलेली असते. जांभळ्या घंटेसारखी फुलं, पान मधोमध दुभंगलेलं, आपट्याच्या पानाची आठवण करून देणारं. तिचं नाव मर्यादवेल. मी एकदा गुडघ्यांवर बसून तिचं एक फुटतं टोक नीट पाहिलं. वेलीने गाठीगाठीला मुळं सोडली होती आणि प्रत्येक गाठीपाशी वाऱ्याने आणलेली वाळू मुठीएवढी साचली होती. ती वाळू पानावर चढली की वेल तिच्यातून वर येते, पुन्हा आडवी होते, पुन्हा वाळू धरते. वर्षं गेली की त्या मुठींचा उंचवटा होतो. त्या उंचवट्यामागे केवडा उभा राहतो, उंडी उभी राहते, जिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्यात जळायचं आणि होड्यांच्या लाकडाला लागायचं. वेलीची समुद्राकडची टोकं उधाणात तुटून जातात आणि पाणी ओसरलं की ती पुन्हा तिकडेच सरकते. ज्याने तिला हे नाव दिलं त्याला मर्यादा म्हणजे काय हे उमगलं होतं. आपण मर्यादा म्हटलं की रेघ समजतो, कुंपण समजतो. या वेलीची मर्यादा मागेपुढे होणारी आहे, तिला रुंदी आहे, आणि ती जिवंत आहे.

या रुंदीत राहणाऱ्यांची मोजदाद करायला बसलं तर दिवस पुरत नाही. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर करंगळीच्या नखाएवढे खेकडे बाहेर येतात. वाळूचा चिमूटभर घास तोंडात घ्यायचा, तिच्या कणांना चिकटलेलं अन्न चाटून घ्यायचं, आणि स्वच्छ वाळूची गोळी करून मागे टाकायची. बिळापासून चारी दिशांना या गोळ्यांच्या रांगा जातात आणि रांगोळीतल्या ठिपक्यांसारखी नक्षी उमटते. सहा तासांत भरती येऊन सगळं पुसते. मी शेजारी उकिडवा बसलो तसे सगळे बिळांत गेले. श्वास रोखून बसलो तेव्हा दहा मिनिटांनी एकाने डोळे बाहेर काढले. त्याच वाळूवरून चारचाकी फिरवत फोटो काढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि चाकांच्या दोन चरांमध्ये एकही गोळी शिल्लक नव्हती हेही पाहिलं आहे. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आणि कासवं. ऑलिव्ह रिडलेची मादी हिवाळ्यातल्या रात्री येते, भरतीच्या रेषेच्या वर वाळूत हातभर खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालून परत जाते. पिल्लू नर होणार की मादी हे त्या वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. कोकणात या अंड्यांची राखण २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळास गावी सुरू केली, आणि आता किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कासवमित्र रात्री पुळणीवर गस्त घालतात. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. आख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून ती इथे पोचली. पिल्लं वाळूतून बाहेर आली की जिकडे क्षितिज उजळ तिकडे जातात, आणि अंधाऱ्या रात्री सर्वांत उजळ बाजू समुद्राची असते. किनाऱ्यावर मोठे दिवे लावले की पिल्लं उलट्या दिशेला, माणसांकडे चालू लागतात.

हे कळलं तेव्हा मला ती पाठमोरी घरं आठवली. घराचा दिवा ओटीवर, रस्त्याच्या बाजूला. मागीलदारी फार तर एक कंदील. मधे वाडीचा गच्च अंधार. कासवांसाठी म्हणून कोणी तसं बांधलं नव्हतं. खारा वारा भिंती खातो, वादळाचा पहिला तडाखा झाडांनी घ्यावा, विहीर गोडी राहावी, अशी साधी व्यवहारी कारणं होती. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' वादळाने दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या वाड्या झोपवल्या तेव्हा झाडांनी घेतलेल्या त्या तडाख्याचं मोल सगळ्यांना दिसलं. पण व्यवहारातून ठेवलेल्या त्या अंतरात पाणी, झाडं, खेकडे, कासवं सगळ्यांची सोय लागत गेली. पाठ करणं हा अनादर नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर आपण चार हात अंतर ठेवून बसतो, तसं ते बसणं होतं.

कायद्यालाही हे अंतर उशिरा का होईना सुचलं. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटर मोकळे ठेवायला सांगितलं, आणि १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना निघाली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं जिथे आहेत तिथे, बांधकामबंदीचा पट्टा दोनशे मीटरवरून पन्नासवर आणला. आकडा असा वरखाली होत राहतो, कारण तो कागदावरच्या रेघेचा आकडा आहे. गावात बसून याबद्दल बोलताना माझी जीभ मात्र अडखळते. मुंबईला गेलेली मुलं चार खोल्या बांधून घरी परतली, म्हाताऱ्या आईबापांना सोबत झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वर्षातून चार दिवस येणाऱ्या माझ्यासारख्याने त्यांना उपास करा म्हणू नये. आणि कोळ्याला समुद्रापासून लांब राहा म्हणण्यात अर्थच नाही. त्याची होडी, त्याची जाळी, त्याची वाळत घातलेली मासळी पुळणीवरच हवी. माझं मागणं समुद्र बघायला येणाऱ्यांकडे आहे, म्हणजे आधी स्वतःकडे. खिडकीतून समुद्र दिसायलाच हवा, हा हट्ट आपला आहे. आपण तो सोडला, तर खोल्या रस्त्याच्या बाजूलाही बांधता येतील.

गेल्या माघात अष्टमीला गेलो होतो. आठाची पाऊणपट सहा. पहाटे पुळणीवर पोचलो तेव्हा पाणी भरलेलं होतं, पण भांगाचं, शांत. ओल्या वाळूतून वर येणारा एक रुंद माग दिसला, दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे ओरखडे उमटावेत तसा. वर एक विस्कटलेलं वर्तुळ, आणि तिथून परत पाण्याकडे गेलेला दुसरा माग. कासवमित्र पोरगा म्हणाला, "रात्री दोनला आली. अंडी हलवलीत आम्ही." तो गेल्यावर मी त्या खड्ड्यापासून पावलं मोजायला लागलो. मर्यादवेलीच्या पहिल्या पानापर्यंत नऊ. वेल ओलांडून सुरूपर्यंत एकतीस. सुरूतून गडग्यापर्यंत अठ्ठेचाळीस. बेडं ढकलून वाडीत शिरलो, पोफळींच्या मधून चालत राहिलो आणि एकशे दहाव्या पावलाला विहिरीशी आलो. काकू कळशी वर घेत होत्या. "दिसली का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही, माग दिसला." त्यांनी कळशी कलती केली, मी ओंजळ धरली. पाणी गोड होतं.