शब्दाची पत

कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनम् गावात एका विणकराकडे मी रेशमी साडीसाठी घासाघीस करत होतो. "देवाशपथ, एवढेच पैसे आहेत!" म्हणालो, आणि मोबाइल काढताना खिशातून नोटांची घडी पडली. विणकर अण्णांनी ती उचलून दिली, मिशीत हसत म्हणाले, "तुमचा देव फार उदार दिसतो!" गळ्यातला क्रूस मी हळूच शर्टात सरकवला. साडी अर्थातच पूर्ण किमतीला घेतली.

परतताना श्वार्ट्‌झ आठवला, याच तंजावर मुलखातला जर्मन मिशनरी. हैदरअलीच्या स्वारीत तंजावरच्या किल्ल्यात माणसं उपाशी मरत होती. पण शेतकरी धान्य देईनात. आधीचे पैसे बुडाले होते ना! राजाच्या शब्दालाही पत उरली नव्हती. श्वार्ट्‌झने स्वतःचा शब्द दिला. दोन-तीन दिवसांत हजारभर बैल आले, धान्य आलं, आणि त्याने सगळ्यांचे पैसे चुकते केले. पुढे १७८७ मध्ये मराठा राजा तुळजाजीने मरणशय्येवर पोरवयाच्या दत्तक मुलाला, सरफोजीला, याच परक्या पाद्र्याच्या हवाली केलं. सरफोजी ख्रिस्ती झाला नाही. पण १७९८ मध्ये श्वार्ट्‌झ गेला, तेव्हा तो रडला.

ती साडी बायको नाताळला नेसते. कुणी किंमत विचारली, की मी चहा टाकायला उठतो.