धागा कोणाचा, ऋण कोणाचे

अमेरिकी नौदलातल्या ‘जॉली रॉजर्स’ या लढाऊ विमानपथकाचा बिल्ला काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेला असतो: एक कवटी आणि आडवीतिडवी दोन हाडे. हे चिन्ह 1943 मध्ये व्हीएफ-17 या पथकाने घेतले. त्याच्या विमानाचे नाव ‘कोर्सेअर’, म्हणजे समुद्री चाचा. म्हणून निशाणही चाच्यांचे. सॉलोमन बेटांवरच्या लढाईत या पथकाने नाव कमावले. पुढे त्याचा क्रमांक दोनदा बदलला आणि 1959 मध्ये, व्हीएफ-61 असताना, ते बरखास्त झाले. चिन्ह मात्र उरले. ‘व्हॅगाबाँड्स’ म्हणून 1955 मध्ये उभ्या राहिलेल्या व्हीएफ-84 ने ते उचलले. 1995 मध्ये हे पथकही मोडले, तेव्हा ‘स्लगर्स’ म्हणवणाऱ्या व्हीएफ-103 ने स्वतःचे जुने नाव टाकून कवटी छातीवर लावली. माणसे, विमाने, जहाजे, क्रमांक सारे बदलले. मग 1943 चे जॉली रॉजर्स आणि आजचे जॉली रॉजर्स एकच का?

नौदलाचा नियम स्पष्ट ‘नाही’ म्हणतो. मोडलेल्या पथकाचे नाव आणि चिन्ह दुसऱ्या पथकाला घेता येते, त्याची परंपरा चालवता येते. पण त्याच्या वंशावळीवर आणि इतिहासावर हक्क सांगू नये. कोणी याला कारकुनी काटेकोरपणा म्हणेल. मला त्यात खोल विवेक दिसतो. ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नाही, आणि वेगळीही म्हणता येत नाही. एकीतून दुसरी निघत राहते, एवढेच. बौद्ध विचारात या प्रवाहाला ‘संतान’ म्हणतात. ‘संतती’ आणि ‘तंतू’ हे शब्दही त्याच ‘तन्’ धातूचे, ताणत नेणे या अर्थाचे. पण 1959 मध्ये ज्योत विझली होती. 1955 चे पथक तोवर आपल्या वातीवर जळतच होते, म्हणून कवटी हाती आली तरी त्याचा जन्म 1943 चा होत नाही. मग त्या चिन्हाने दिले काय?

याचे उत्तर ऋणाच्या कल्पनेत आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मणावर जन्मतःच तीन ऋणे सांगितली आहेत: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. पितृऋण संततीने फिटते, ऋषिऋण अध्ययनाने. ही कल्पना सर्वांना लावली, तर ज्या ऋषींशी आपले रक्ताचे नाते नाही, त्यांचेही आपण देणे लागतो, आणि त्यांच्याकडून आलेले जपून पुढे देणे हीच त्याची फेड. बिल्ल्याचे नाते या दुसऱ्या जातीचे आहे. तो शिवून घेणारा वैमानिक त्या मृतांचा वंशज असल्याचा दावा करत नाही. त्यांच्या शिस्तीचे आणि हौतात्म्याचे देणे आपल्यावर आहे, हे मान्य करतो. म्हणून हक्क आणि परंपरा यांना वेगळे ठेवणारा नियम योग्य ठरतो. ऋण मान्य करणाऱ्याने सावकाराची संपत्ती आपल्या नावावर चढवायची नसते.

यावर पहिला आक्षेप असा: अखंड मानलेले पथकही शेवटी कागदावरच अखंड असते, तिथली माणसे दर काही वर्षांनी बदलतात, मग खरा वंश आणि घेतलेली परंपरा यांत भेद कसला? भेद आहे. अखंड पथकात जुना नव्याला हाताला धरून शिकवतो. सगळे एकदम कधी जात नाहीत. ही साखळी तुटल्यावर उरते ती आठवण, आणि आठवणीला साखळी म्हणणे खोटे आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचतो. दुसऱ्याचे चिन्ह घेताना व्हीएफ-103 ने स्वतःचे नाव सोडले. 1952 पासूनचा त्याचा इतिहास, 1991 च्या आखाती युद्धातल्या मोहिमाही, ‘स्लगर्स’ या नावाने घडला होता. नवे ऋण स्वीकारताना जुने बुडाले, तर ती कृतज्ञता कसली? हा दोष खरा आहे, आणि त्याची भरपाई तोच नियम करतो: अधिकृत वंशावळीत व्हीएफ-103 चा भूतकाळ त्याचाच राहतो, बिल्ला कोणताही असो. तिसरा आक्षेप नैतिक आहे: कवटी मृत्यूचा गौरव करते. शत्रूला भिववण्यासाठी ती लावली असेल तर आक्षेप टिकतो. पण कवटीला शत्रू आणि मित्र ओळखता येत नाहीत. ती लावणाऱ्याच्याही कातडीखाली आहे. ज्याला हे कळते, त्याला ती मारण्याची ऐट देत नाही, मरणाऱ्या सर्वांचा हिशेब मागते.

तेव्हा वारसा सिद्ध करण्याचे काम बिल्ल्याकडून होणार नाही. त्याचा पांढरा दोरा काल-परवा भरलेला असतो, आणि तो नवाच आहे हे लपवण्याचे कारण नाही. 1943 च्या माणसांशी आजच्या वैमानिकाला जोडते ते त्याने त्यांचे नाव घेऊन काय केले, एवढेच. ते नीट केले तर ऋण थोडे फिटते. नाही केले, तर छातीवर उरते नुसते भरतकाम.